मीनु एल्ली?

टाकी माळ्यावर होती. किती वर्षं, मोजली नाहीत.
तळाला निळे खडे अजून चिकटलेले
आणि कोपऱ्यात प्लास्टिकचा पाणबुड्या,
ज्याच्या डोक्यातून बुडबुडे निघायचे.
त्या साली मे महिन्यात लाईट गेली ती रात्रभर,
पंप थांबला,
सकाळी सोळा गोल्डफिश आडवे.
भावानं ते पेरूच्या मुळाशी पुरले,
टाकी पुसून वर टाकली. बोलला काही नाही.

आता त्याची पोरगी ती खाली काढते,
सुरीनं खडे खरवडते.
"काय करूलालीस गं वैजू?"
"कंप्युटर बुडवणाराय काका. तेलात."

मी उद्यमबागेत सत्तावीस वर्षं मोटारी बांधलेला माणूस.
नखांतलं वार्निश साबणाला दाद देत नाही.
म्हटलं, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर बघ की,
रात्रभर गुणगुणतो, त्याच्या पोटात काय असतंय?
पाण्याला काही सांगू नये,
इकडची वीज तिकडे सांगून मोकळं होतं.
तेल पोटात ठेवतं.

शिवलिंग हुक्केरीनं दोन कॅन दिले, फिल्टर मारलेलं तेल.
पैसे घेतले नाहीत, पण तीनदा विचारलं,
"एन माडतीरी इदरल्ली?"
कानडीत मला नीट सांगता येईना.
खरं तर मराठीतही येत नव्हतं.

बोर्ड खडे बाजारातला, भंगारातला.
वैजूनं ब्रशनं त्याची धूळ झाडली,
कानातला मळ काढावा तशी.
हार्ड डिस्क तेवढी बाहेर टांगली:
तिला श्वासाला बारीक भोक असतं म्हणे,
बोट ठेवून दाखवलं मला.
मलप्रभेवर पोहायला जायचो आम्ही खानापूरला,
तेव्हा काठावर बसून सगळ्यांचे कपडे राखणारा
मीच.

तेल ओतताना आवाज झाला नाही.
खाचाखाचांतून हवा सुटली, वर आली, फुटली,
मग नुसतं जड, पिवळसर, स्वच्छ.
स्टुलानं एकदा करकर केली.
बटण दाबलं.
पंखा फिरायला लागला,
पंगतीतून उठलेल्या माणसासारखा, सावकाश, कुठं घाई नसल्यागत.
पाणबुड्याला जुन्या पंपाची नळी जोडली होती,
त्याच्या डोक्यातून पुन्हा बुडबुडे,
पण तेलातले. प्रत्येक जण विचार करून वर जाणारा.

वहिनीनं दारातूनच बघितलं:
"एवढ्यात वर्षाचं तळण झालं असतं."
हे तेल खायचं नव्हं, म्हणून सांगितलं.
तिला माहीत होतं.
तिसऱ्या दिवशी वायरीच्या आतून तेल चढलं,
माऊसच्या शेपटीतून टपटप फरशीवर,
तेव्हा मात्र पोतं तिनंच आणून टाकलं, न सांगता.

पण हे नंतरचं.
त्या संध्याकाळी पडद्यावर आधी एक तारीख आली.
एक जानेवारी दोन हजार नऊ, रात्रीचे बारा.
"सेल मेलाय बोर्डावरचा," वैजू म्हणाली,
"त्याला वाटतं, तो आत्ताच जन्मलाय."
मी बोटांवर मोजलं.
मे अजून चार महिने लांब होता.

खालच्या मठपतींची अक्कम्मा, वय वर्षं तीन,
कधी आत शिरली कळलं नाही.
काचेला नाक लावून,
तोंडाच्या वाफेनं एक गोल धुकं करून
तिनं विचारलं, "मीनु एल्ली?"
मासे कुठायत, एवढं कानडी घरात सगळ्यांनाच येतं.
कुणी बोललं नाही.
वैजूचा हात तारखेवर गेला, थांबला.
"उद्या बदलते," म्हणाली.

भाऊ रात्रपाळीला निघाला होता, डबा हातात.
चप्पल घालता घालता टाकीपाशी आला,
वाकला,
आणि नखानं काचेवर दोनदा वाजवलं,
टिक, टिक,
दाणे टाकायच्या आधी वाजवायचा तसं.

मग लाईट असेपर्यंत
अक्कम्मा तिथंच बसून राहिली.